आज्ञापालनाची हद्द

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतील कॅथलिक समाज संख्येने लहान आहे. परंतु जुन्या लॅटिन मिस्सेचा आग्रह धरणाऱ्या परंपरानिष्ठांचा विषय निघाला, म्हणजे आमच्यातील सुशिक्षित, सच्छील आणि चर्चच्या कामात वर्षानुवर्षे झिजलेल्या मंडळींकडूनही एक प्रतिपादन हमखास ऐकावयास मिळते, आणि ज्या निःशंकपणाने ते मांडले जाते त्या निःशंकपणामुळेच त्याचा सविस्तर समाचार घेणे मला अवश्य वाटते. ते प्रतिपादन असे, की पोपचा किंवा बिशपांचा हुकूम एकदा सुटला, म्हणजे कॅथलिक मनुष्यास तो पाळण्याखेरीज दुसरे कर्तव्य उरत नाही. जो त्या हुकमाकडे आपल्या सदसद्विवेकबुद्धीने पाहू लागतो, तो त्या क्षणीच ख्रिस्तसभेच्या बाहेर पडलेला असतो. आणि सदसद्विवेकाची ही भाषा मुळात प्रॉटेस्टंटांची असून कॅथलिकांच्या घरात ती उपरी आहे. माझ्या मते हे प्रतिपादन कॅथलिक धर्मशास्त्राला धरून नाही, इतिहासाला धरून तर नाहीच नाही. आणि कोकणातील ख्रिस्ती माणसाच्या तोंडी ते आपल्याच पूर्वजांविषयी कृतघ्नतेचे आहे.

आरंभीच सांगून टाकतो, की मी परंपरानिष्ठांच्या गोटातला नव्हे. मराठीतील मिस्सा मला मनापासून प्रिय आहे. ज्या भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ मध्ये ते छापून प्रसिद्ध केले, त्या भाषेला वेदीपर्यंत पोहोचावयास साडेतीनशे वर्षे लागावीत, याचेच मला दुःख आहे. परंपरानिष्ठांचे पुढारी आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी ३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडमधील एकोन येथे रोमची मनाई असताना चार बिशपांना दीक्षा दिली, ते कृत्य मला मान्य नाही, आणि का मान्य नाही हेही मी पुढे सांगणार आहे. तेव्हा जे लिहितो आहे ते कोणाचे वकीलपत्र घेऊन लिहीत नाही. परंतु ज्या मनुष्याचे मत मला चुकीचे वाटते, त्याला धर्मभ्रष्ट ठरवण्यासाठी कोणी खोटे शास्त्र पुढे करील, तर गप्प बसणे हा माझ्या बाजूने अन्याय होईल.

कृतघ्नतेचा आरोप मी केला आहे, तेव्हा त्याचा पुरावा आधी रुजू करतो. गोव्यात इन्क्विझिशनचा अंमल १५६० पासून, मधला अल्पसा खंड सोडल्यास, १८१२ पर्यंत चालला. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या आग्रहावरून फर्मान काढले, की रयतेने तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून ख्रिस्ती घरांतील लग्नविधी, पेहराव आणि खाणेपिणे यांची बारीकसारीक यादी केली व एकेक गोष्ट निषिद्ध ठरवली: नवरानवरीच्या अंगाला हळद, दूध, खोबरेल लावू नये, लग्नात देशी गाणी गाऊ नयेत, दारी तुळस लावू नये, इतकेच काय पण हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये. हा हुकूम काढणाऱ्यांच्या अधिकाराविषयी त्या काळी कोणाला शंका नव्हती. राजाची आणि रोमची अशा दोन्ही सनदा त्यांच्या दप्तरात होत्या. आणि तरीही लग्नाच्या आदल्या दिवशी नारळ खवून, त्याचा रस पिळून, आयाबायांनी तो वधूवरांच्या डोक्यावर ओतावा आणि अंगाला चोळावा, भोवती गाणी म्हणावीत, हा रोसचा विधी गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत आजतागायत चालू आहे. ज्या स्त्रियांनी तो टिकवला त्यांनी बंडाचा झेंडा उभारला नाही, मिस्सेला जाणे सोडले नाही, मुलांचा बाप्तिस्मा चुकवला नाही. त्यांनी इतकेच ओळखले, की प्रभू येशूवरील आपली श्रद्धा आणि आपल्या आईने आपल्या लग्नात केलेला विधी या दोहोंत वैर नाही, आणि तसे वैर आहे असे सांगणारा हुकूम, तो कितीही मोठ्या शिक्क्याचा असो, पाळण्याचे आपल्यावर बंधन नाही. ज्यांना इतके करणेही जड गेले, ती कुटुंबे सावंतवाडीच्या मुलखात किंवा कानडी किनाऱ्याकडे निघून गेली. आमच्या दक्षिण कोकणातील अनेक ख्रिस्ती घराणी त्यांचीच वंशज आहेत. हुकूम निघाला की विचार संपला, हे तत्त्व त्यांनी मान्य केले असते, तर आज आम्हांपाशी ना बोली उरली असती ना चालीरीती.

कोणी म्हणेल, की चालीरीती ही गौण बाब झाली. प्रश्न ख्रिस्तसभेच्या अधिकाराचा आहे. तोच प्रश्न घेऊ. या किनाऱ्यावर दोनशे-अडीचशे वर्षे जो कॅथलिक जगला, त्याला ‘अधिकाऱ्याची आज्ञा पाळ’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होते, कारण त्याच्यापुढे अधिकारी दोन होते आणि दोघांकडेही पोपचीच पत्रे होती. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर नेमणुकांचा जो हक्क पोपांनी दिला होता, तो पाद्रुआदो; आणि मिशनांचा कारभार थेट आपल्या हाती घेण्यासाठी रोमने १६२२ मध्ये जी संस्था स्थापली, ती प्रोपागांदा. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबातले मातेउश द कास्त्रो यांना गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा मिळेना, म्हणून ते रोमला गेले. तेथे प्रोपागांदाने त्यांना दीक्षा दिली आणि १६३७ मध्ये बिशप करून आदिलशाही मुलखाचे प्रतिनिधी म्हणून परत पाठवले, ज्या मुलखात तेव्हा आपला हा किनाराही मोडत होता. गोव्याच्या धर्मसत्तेने त्यांची कागदपत्रे मानण्याचे नाकारले, आणि लॅटिन विधीचा हा पहिला भारतीय बिशप डिचोलीस तळ देऊन राहिला. आता डिचोलीच्या एखाद्या साध्या ख्रिस्ती शेतकऱ्याने कोणाची आज्ञा पाळावयाची होती? ज्याची पाळील त्याच्या दृष्टीने तो आज्ञाधारक, आणि दुसऱ्याच्या दृष्टीने बंडखोर. निर्णय त्याला स्वतःलाच करावा लागला, आणि तो करण्यासाठी देवाने दिलेल्या विवेकाखेरीज दुसरे साधन त्याच्यापाशी नव्हते.

पुढे १८३८ मध्ये सोळावे ग्रेगरी यांनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ या आज्ञापत्राने पाद्रुआदोचे क्षेत्र आखडले, तेव्हा गोव्याच्या धर्मगुरूंनी ते मानले नाही. राजाच्या संमतीवाचून असे पत्र लागू होत नाही, अशी त्यांची तकरार होती. रोमने या साऱ्याला ‘गोव्याची फूट’ असे नाव दिले. मुंबईत हा तंटा केवळ कागदोपत्री राहिला नाही. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमधील लोक पाद्रुआदोकडे जाऊ लागले, तेव्हा प्रोपागांदाचे बिशप आनास्तासियस हार्टमन, जे स्वतः मोठे निष्ठावान आणि विद्वान कापुचिन संन्यासी होते, आपल्या पक्षाच्या माणसांसह चर्चमध्ये ठाण मांडून बसले. प्राण गेला तरी हे मंदिर फुटिरांच्या हाती देणार नाही, असा त्यांचा निर्धार होता. बाहेरच्यांनी वाटा अडवल्या, आत अन्नपाणी जाईना, आणि अखेर इंग्रज सरकारच्या मुलकी अधिकाऱ्यांना मध्ये पडून नाकेबंदी उठवावी लागली. चर्च पाद्रुआदोकडेच गेले. आत एक बिशप, बाहेर त्याच श्रद्धेचे, तोच जप म्हणणारे कॅथलिक, आणि मध्यस्थ म्हणून परधर्मपंथी सरकारचा मॅजिस्ट्रेट! दोन्ही बाजूंना आपण आज्ञा पाळतो आहोत असे प्रामाणिकपणे वाटत होते. आज त्या माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला हजारो माणसे जातात, त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. त्यांच्यातल्या कोणासही आपण ‘फुटिरांच्या’ वंशजांनी राखलेल्या मंदिरात आलो आहोत, असे वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही.

या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोठा, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायाने विसरला गेलेला पुरुष म्हणजे फादर आंतोनियो फ्रान्सिश्कु शाविएर आल्वारिश. जन्म १८३६, गाव वेर्णे. २३ जून १८८६ रोजी तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात जो करार झाला, त्याने गोव्याबाहेरील, इंग्रजी मुलखातील कित्येक पाद्रुआदो चर्चे प्रोपागांदाच्या बिशपांकडे गेली. ज्या धर्मग्रामांनी पिढ्यान्‌पिढ्या गोव्याकडे पाहिले होते, त्यांना कोणी काही विचारले नाही. आल्वारिश आणि डॉक्टर लिश्बोआ पिंतो यांनी मुंबईत संरक्षक मंडळ उभारले; पोपकडे, पोर्तुगालच्या राजाकडे, इंग्रज सरकारकडे अर्ज केले. कोठेही दाद लागली नाही. तेव्हा आल्वारिश यांनी रोमशी संबंध तोडला, मलंकारा येथील प्राचीन सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चचा आश्रय केला, आणि जुलै १८८९ मध्ये कोट्टयम येथे मार ज्युलियस या नावाने त्यांना गोवा, हिंदुस्थान व सिलोन यांचे मेट्रोपॉलिटन म्हणून दीक्षा मिळाली. लॅटिन उपासनाविधी मात्र त्यांनी सोडला नाही. दक्षिण कानड्यातील ब्रह्मावर येथे त्यांच्या अनुयायांनी तो पुढेही चालवला.

गोव्यात परतल्यावर त्यांचे काय झाले, हे आज्ञापालनाचे स्तोत्र गाणाऱ्यांनी एकदा डोळे उघडून पाहावे. पोलिसांनी त्यांना पकडले, बिशपाची वस्त्रे, अंगठी आणि क्रूस उतरवून घेतला, आणि साठीकडे झुकलेल्या एका धर्मगुरूला कोठडीत डांबले. न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. परंतु ती वस्त्रे पुन्हा अंगावर घालण्याची त्यांना मुभा राहिली नाही. पुढची अनेक वर्षे त्यांनी पणजी-रायबंदर भागात रोग्यांची आणि निराश्रितांची सेवा करण्यात घालवली. पटकीच्या साथीत लोकांनी काय करावे, याची पुस्तिका त्यांनी लिहून काढली. २३ सप्टेंबर १९२३ रोजी रायबंदरच्या इस्पितळात ते वारले. त्यांच्यावर कॅथलिक अंत्यविधी झाला नाही. पण नागरिकांनी सार्वजनिक अंत्ययात्रा काढली आणि तीत लोटलेल्या गर्दीत कॅथलिक, हिंदू, सर्व होते. ज्या चर्चने त्यांना आश्रय दिला, त्या चर्चने २०१५ मध्ये त्यांना संतपद दिले. आमच्याकडे मात्र त्यांचे नाव निघालेच, तर ‘फुटीर पाद्री’ या दोन शब्दांत त्यांची बोळवण होते.

आल्वारिश यांचे कारण बरोबर होते काय? मला तसे वाटत नाही. परक्या राजाच्या नेमणुकीच्या हक्कासाठी एवढे आयुष्य पणाला लावावे, हे आज आपल्याला पटणे कठीण आहे. आणि पाद्रुआदोच्या अमलात देशी धर्मगुरूंची जी मानहानी झाली, ती द कास्त्रो यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. पण येथेच माझ्या प्रतिपक्षाचे शास्त्र अपुरे पडते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हा प्रश्न अगदी टोकाला नेऊन तपासला आहे: एखाद्याची विवेकबुद्धी चुकत असेल, तरी तिच्या विरुद्ध वागणे हे त्याच्या ठायी पापच ठरते, ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणे वाईट आहे, असे ज्याला मनोमन वाटते, त्याने तसे वाटत असताना ती श्रद्धा स्वीकारणेही पाप होय, इथपर्यंत ते जातात. त्याच वेळी ते बजावतात, की जे अज्ञान माणसाने आळसाने किंवा हट्टाने जोपासले असेल, ते त्याला दोषमुक्त करीत नाही. म्हणजे विवेकाचा अधिकार आणि विवेकाला शिकवण्याची जबाबदारी ही दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. हे शास्त्र प्रॉटेस्टंटांचे कसे? ते लूथरच्या अडीचशे वर्षे आधीचे आहे, आणि ज्या लेखणीतून उतरले तिला स्वतः रोमने आचार्यपद दिले आहे.

पौलाने अंत्युखियात पेत्राला समोरासमोर दोष दिला, हे तर नव्या करारातच आहे. १२५३ मध्ये लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांना पोप चौथे इनोसंट यांनी आपल्या पुतण्याला एका मानाच्या जागी नेमण्याचा हुकूम पाठवला. ती जागा जीवांच्या तारणासाठी आहे, नातलगांच्या उत्पन्नासाठी नाही, म्हणून पोपपदावरील निष्ठेमुळेच मी हा हुकूम पाळीत नाही, अशा आशयाचे उत्तर त्या वृद्ध बिशपांनी लिहिले, आणि ते अखेरपर्यंत आपल्या पदावर राहिले. १८७० मध्ये पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर झाला, म्हणून सारे बदलले, असे कोणी म्हणेल. तर त्यानंतर पाचच वर्षांनी जॉन हेन्री न्यूमन यांनी ड्यूक ऑफ नॉरफोक यांना लिहिलेल्या खुल्या पत्रात त्याच सिद्धांताचे समर्थन करतानाच सदसद्विवेकाचे स्थान पोपच्या आज्ञेच्या आधी ठेवले. त्यांना शिक्षा झाली काय? १८७९ मध्ये त्यांना कार्डिनल करण्यात आले, आणि करणारे होते तेच तेरावे लिओ, ज्यांच्या कराराविरुद्ध पुढे आल्वारिश उभे राहिले. अचूकतेचा सिद्धांत श्रद्धा आणि नीती यांविषयीच्या गंभीर, अंतिम घोषणेपुरता आहे. कोणते चर्च कोणत्या बिशपाच्या दप्तराला जोडावे, किंवा कोणत्या भाषेत मिस्सा म्हणावी, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाहीत. ही हद्द पोपपदाच्या शत्रूंनी आखलेली नसून १८७० च्या परिषदेने स्वतः आखलेली आहे.

आता प्रतिपक्षाचा जो आक्षेप खरोखर वजनदार आहे, त्याकडे वळतो. प्रत्येकाने आपल्या विवेकाने चालावे, असे ठरले, तर घरोघरी एकेक ख्रिस्तसभा होईल आणि ऐक्य उरणार नाही. या भीतीची मी टिंगल करणार नाही; ती खरी आहे, आणि तिचा पुरावाही आमच्याच इतिहासात आहे. १८९२ मध्ये आल्वारिश यांनी कोलंबो येथे रने व्हिलात नावाच्या एका फ्रेंच वंशाच्या, अमेरिकेतून आलेल्या धर्मगुरूला बिशप केले. व्हिलात यांनी पुढे आणखी बिशप केले, त्यांनी आणखी. आणि आज युरोप-अमेरिकेत कोणत्याही धर्मग्रामाशी नाते नसलेले, स्वतःच्या नावापुढे मोठमोठ्या पदव्या लावणारे जे कित्येक फिरते बिशप आढळतात, त्यांतील पुष्कळांची परंपरा कोलंबोच्या त्या वेदीपाशी येऊन पोहोचते. व्हिलात स्वतः १९२५ मध्ये रोमकडे परतले. त्यांनी निर्माण केलेली शाखा परतली नाही. लफेव्र यांच्या बाबतीतही तेच. त्यांनी दीक्षा दिलेल्या चौघांपैकी रिचर्ड विल्यमसन यांना लफेव्र यांच्याच संघाने २०१२ मध्ये बाहेर काढले, आणि २०१५ मध्ये विल्यमसन यांनी आपले स्वतंत्र बिशप करावयास आरंभ केला.

म्हणून माझ्या मते हद्द येथे आहे: जे मुळातच आपल्या हाती आहे ते न सोडणे, हा विवेकाचा अधिकार आहे, जे आपल्या हाती कधीच सोपवलेले नव्हते ते उचलून घेणे, हा नव्हे. नारळाचा रस, मातृभाषा, आईची गाणी, लहानपणापासूनची प्रार्थना, आणि जो हुकूम अंतःकरणाला पाप वाटतो त्याला दिलेला नकार, ही माणसाची स्वतःची आहेत. बिशप निर्माण करण्याचा अधिकार कोणा एकाचा नाही. तो समग्र ख्रिस्तसभेचा आहे, आणि एकोन येथे लफेव्र यांनी तोच आपल्या एकट्याच्या खात्री-भरवशावर वापरला. त्यामानाने आल्वारिश यांनी, रोमशी माझे जमत नाही असे उघड सांगून एका प्राचीन चर्चचे दार ठोठावले, हे मला अधिक सरळ वाटते. कोलंबोची दीक्षा मात्र त्यांनी देऊ नये होती. नकार देणाऱ्याने त्या नकाराची किंमत आपल्या अंगावर घ्यावी आणि दुसरी गादी मांडू नये.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जे ग्रामण्य माजले, त्यात शंकराचार्यांच्या वतीने चौकशी बसली. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनी शास्त्राच्या आधारे आपली बाजू लढवली, न्यायमूर्ती रानड्यांनी सुधारकांचे टोमणे सोसून प्रायश्चित्त घेतले; दोघांच्या वागण्याबद्दल आजही वाद होऊ शकतो, परंतु दोघांपैकी कोणीही स्वतःचा शंकराचार्य नेमला नाही. याच जिल्ह्यातील करजगावचे रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मिशनच्या नोकरीतून मोकळे झाले, ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि ज्या मिशनऱ्यांशी मतभेद झाला त्यांच्याशी स्नेह मात्र तोडला नाही.

ज्यांना आज्ञाभंगाने ऐक्य कायमचे मोडते असे वाटते, त्यांनी पुढचा इतिहासही वाचावा. मुंबईतील दुहेरी अधिकाराचा घोळ १९२८ च्या कराराने मिटला. १९५० मध्ये पोर्तुगालने उरलेला हक्क सोडला, आणि त्याच वर्षी वालेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. एकोनच्या दीक्षाविधीत लफेव्र यांच्या शेजारी उभे राहिलेले बिशप कास्त्रो मायेर यांचा ब्राझीलमधील काम्पोसचा समुदाय २००२ मध्ये आपल्या जुन्या मिस्सेसह रोमशी समेट करून परत आला. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये ती मिस्सा मोकळी केली, २००९ मध्ये चौघा बिशपांवरील बहिष्कार उठवला. फ्रान्सिस यांनी १६ जुलै २०२१ रोजी तिच्यावर पुन्हा बंधने घातली. चौदा वर्षांच्या अंतराने दोन पोपांनी दोन विरुद्ध आज्ञा दिल्या. या दोहोंपैकी एकीविषयी मनात दुःख बाळगणाऱ्या कॅथलिकाला धर्मभ्रष्ट म्हणावयाचे, तर दुसरीविषयी दुःख बाळगणाऱ्यालाही तेच म्हणावे लागेल, आणि मग आत कोण उरेल?

१९८३ च्या धर्मसंहितेचे २१२ वे कलम श्रद्धावंतांना आपल्या गरजा आणि आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क देते, आणि प्रसंगी ते कर्तव्य ठरवते. २०२१ च्या आज्ञापत्राने जुन्या मिस्सेचे नियमन स्थानिक बिशपांच्या देखरेखीखाली ठेवले आहे. २००५ पासून आमच्या दोन्ही जिल्ह्यांना सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला आहे. तेव्हा येथील एखादे कुटुंब उद्या लॅटिन मिस्सेसाठी अर्ज करील, तर तो नोंदला जावा आणि त्याला लेखी उत्तर मिळावे, नकार द्यावयाचा असल्यास कारणासह द्यावा. आणि नकार मिळाल्यावरही त्या घरातील मुलगी दृढीकरणाला उभी राहील, तेव्हा तिच्या बापाला आज्ञाधारकतेचा कबुलीजबाब कोणी मागू नये.